‘सरासरीच्या ९४ टक्के पाऊस’ पडूनही दुष्काळ का जाहीर होतो?

२०२३चा पावसाळा संपला आणि बातमी आली, देशात सरासरीच्या ९४ टक्के पाऊस. परीक्षेत ९४ टक्के मिळाले तर घरोघरी पेढे वाटतात. पण त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला महाराष्ट्र सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. मग घोळ कुठे झाला?

आधी बघू, ही सरासरी येते कुठून?

भारतीय हवामान विभाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांच्या पावसाची तुलना १९७१ ते २०२० या ५० वर्षांच्या सरासरीशी करतो. देशासाठी ही सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर आहे. २०२३ मध्ये पडला सुमारे ८२ सेंटिमीटर.

ही सरासरी कायमची नसते. दर दहा वर्षांनी ती नव्या आकड्यांवर काढली जाते. पूर्वी ती ८९ होती, मग ८८ झाली, आता ८७ आहे. म्हणजे तेवढाच पाऊस पडला तरी आता टक्केवारी थोडी जास्त दिसते.

महिन्यांचा हिशोब

२०२३च्या जुलैमध्ये देशात सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त पाऊस झाला. ऑगस्टमध्ये मात्र तब्बल ३६ टक्के तूट. १९०१ पासूनच्या नोंदींमधला तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. सप्टेंबरमध्ये पुन्हा १३ टक्के जास्त.

चार महिन्यांची बेरीज केली की ऑगस्टचा खड्डा बराचसा बुजतो. शेतात तो बुजत नाही. ऑगस्टमध्ये सोयाबीन फुलोऱ्यात असतं, शेंगा धरत असतं. तेव्हा पाणी मिळालं नाही तर सप्टेंबरच्या पावसाने गेलेलं पीक परत येत नाही.

‘सामान्य’ म्हणजे नेमकं किती?

जिल्हा किंवा हवामान उपविभागाचा पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्के कमी किंवा १९ टक्के जास्त असला तरी हवामान विभागाच्या भाषेत तो ‘सामान्य’च असतो. मराठवाड्याची चार महिन्यांची सरासरी साधारण ६४० मिलिमीटर. तिथे जेमतेम ५२० मिलिमीटर पाऊस पडला तरी शिक्का ‘सामान्य’चाच. २०२३ मध्ये कोकण, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ हे चारही उपविभाग याच गटात होते. दुष्काळ मात्र तालुका बघून जाहीर झाला, आणि पावसासोबत पिकांची स्थिती, जमिनीतला ओलावा, भूजल हेही त्यात पाहिलं जातं.

जागा बदलली की आकडा बदलतो

२६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच वेळी कुलाब्यात पडला फक्त ७३ मिलिमीटर. एकाच शहरात एवढा फरक असेल, तर अख्ख्या जिल्ह्याच्या सरासरीत एखादं कोरडं गाव सहज झाकलं जातं.

म्हणून यापुढे ‘सरासरीइतका पाऊस’ अशी पोस्ट दिसली की फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी बघा. आकडा कुठल्या भागाचा आहे? महिन्याचा आहे की हंगामाचा? आणि पाऊस किती दिवसांत पडला? चार दिवसांत कोसळलेला आणि चाळीस दिवस झिरपलेला पाऊस बेरजेत सारखाच दिसतो. विहिरीला मात्र फरक कळतो.