आधी धान्य, मग भाजी

घरात सेंद्रिय आणायचं ठरलं की बहुतेक घरं भाजीपासून सुरुवात करतात आणि भाजीपाशीच थांबतात. दर शनिवारी टोपली यायला लागते. पालकाची जुडी बाजारापेक्षा दुप्पट भावाची आणि सोमवारी पिवळी पडलेली. शेतात जे निघालं तेच टोपलीत, म्हणजे लागोपाठ तीन आठवडे मुळा आणि दुधी. मुलं नाक मुरडतात, सासूबाई म्हणतात, ‘आमच्या वेळी सगळं असंच होतं, त्याचे जादा पैसे कुणी मोजत नव्हतं.’ दोन-तीन महिन्यांत टोपली बंद होते आणि ‘ऑरगॅनिक म्हणजे पैसेवाल्यांची थेरं’ हे मत त्या घरात कायमचं होऊन बसतं.

माझं म्हणणं असं की सुरुवात दुसऱ्या टोकाने करावी. आधी कोठी, मग फ्रिज.

पण त्याआधी हा खटाटोप कशासाठी, तेही बघायला हवं. कारण या विषयात भीती दाखवणाऱ्यांची कमी नाही. अन्नातल्या कीटकनाशकांचे अवशेष तपासण्याची केंद्र सरकारची एक देशव्यापी योजना आहे. तिच्यात २०१४-१५ मध्ये २०,६१८ नमुने तपासले गेले. त्यांतल्या १८.७ टक्के नमुन्यांत अवशेष सापडले, पण ठरवून दिलेल्या कमाल मर्यादेच्या वर गेलेले नमुने २.६ टक्के होते. म्हणजे आज रात्रीच्या जेवणाने कुणाला विषबाधा होणार नाही. घाबरून घर उलटंपालटं करण्याचं कारण नाही. चिंता करावी असा आकडा वेगळा आहे. १२.५ टक्के नमुन्यांत मंजुरीच नसलेली औषधं सापडली. कुठलं औषध कुठल्या पिकावर मारायचं याचा धरबंध सुटला आहे, हे त्यातून दिसतं.

खाणं बदलल्याने फरक पडतो का? अमेरिकेत सिएटल भागातल्या २३ शाळकरी मुलांवर केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. पाच दिवस त्यांच्या नेहमीच्या पदार्थांऐवजी तेच पदार्थ सेंद्रिय दिले, तर लघवीत दिसणाऱ्या मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकांच्या खुणा जवळजवळ नाहीशा झाल्या. जुनं खाणं सुरू होताच त्या परतल्या. शरीर इतक्या लवकर दाद देतं. सेंद्रिय अन्न जास्त पौष्टिक असतं का, यावर मात्र शास्त्रज्ञांचं एकमत नाही. २०१२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी शेकडो अभ्यास चाळून फारसा फरक नसल्याचा निष्कर्ष काढला. २०१४ मध्ये न्यूकॅसलच्या गटाला सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम कमी आढळलं. त्यामुळे ‘पोषण दुप्पट’ असं सांगून कुणी विकत असेल तर पुढच्या दुकानात जावं.

माझ्या लेखी वजनदार कारण तिसरंच आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात होते. आपल्या ताटात येतो तो अंश. पाठीवर पंप घेऊन उभ्या माणसाच्या अंगावर येतं ते अख्खं औषध.

आता कोठीकडे. चौघांच्या घराला वर्षाला साधारण सव्वा क्विंटल गहू आणि पंचवीस-तीस किलो तूरडाळ लागते. पोटात रोज जाणाऱ्या अन्नाचा मोठा वाटा अशाच डब्यांतून येतो. शिवाय धान्याचा व्यवहार वर्षातून एकदाच. एकच शेतकरी शोधायचा, एकदाच विश्वास टाकायचा, एकदाच पैसे मोजायचे. पालकाच्या बाबतीत हीच परीक्षा आठवड्यातून दोनदा द्यावी लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायची रीत होतीच. फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून ती सुटली आणि आपण पाच किलोच्या पिशव्यांवर आलो.

बदलाचा वेग पंचांगानेच ठरवून दिला आहे. खरिपाचा शेंगदाणा आणि नवा गूळ दिवाळीच्या आसपास, तांदूळ मार्गशीर्षात, तूर संक्रांतीनंतर, ज्वारी होळीच्या सुमाराला, गहू, हळद आणि मिरची चैत्रात. एका वेळी एकच जिन्नस बदलायचा आणि तो घरात रुळला की पुढचा घ्यायचा. पैशाचा ताणही असा वाटून जातो. यातही क्रम लावायचा तर मी तुरीला पुढे काढेन, कारण फुलोऱ्यापासून शेंग भरेपर्यंत घाटेअळीसाठी तिच्यावर फवारण्या होत राहतात. ज्वारीचं उलटं आहे. मंगळवेढ्याकडची मालदांडी काळ्या जमिनीतल्या ओलीवर, थंडीत वाढते. तिच्यावर खत-औषधांचा खर्च करणारा शेतकरी विरळा. कोरडवाहू बाजरी आणि डोंगरउतारावरची नाचणी-वरी याच जातकुळीतली. म्हणजे आठवड्यात चार दिवस गव्हाच्या पोळीऐवजी भाकरी केली तर शिक्का नसलेलं, जादा पैसे न मागणारं, बरंचसं विषमुक्त अन्न आपोआप ताटात येतं. भाकरी थापता येणारं कुणी घरात असलं पाहिजे, एवढीच अडचण.

धान्य आणल्यावर खरी परीक्षा सुरू होते ती किड्यांची. सेंद्रिय धान्याला गोदामात धुरीची गोळी लागलेली नसते, म्हणून सोंडे लवकर येतात. यावर पुष्कळ घरांत काय होतं, ते सांगतो: दीडपट भावाने सेंद्रिय गहू आणायचा आणि डब्यात भरताना त्याला बोरिक पावडर चोळायची! काही ठिकाणी अजून पाऱ्याच्या टिकड्याही पडतात. तांदूळ निदान धुऊन घेतला जातो. गहू तसाच गिरणीत जातो आणि पावडर पिठात. बोरिक ही अन्नात चालणारी वस्तू नव्हे. त्यापेक्षा आज्या करत ते बरं. चैत्रातलं कडक ऊन दोन-तीन दिवस दाखवायचं आणि दाणा दाताखाली धरून बघायचा. कट् वाजला तर वाळला, चेपला तर अजून ओल आहे. धान्य पूर्ण गार झाल्याशिवाय भरायचं नाही, नाहीतर डब्यात वाफ धरते. थराथरात कडुलिंबाचा सावलीत वाळवलेला पाला. तूरडाळीला एरंडेलाचा हात. कडधान्याला राख. ज्यांच्या गॅलरीत ऊनच येत नाही त्यांनी पाच-पाच किलोच्या पिशव्या आळीपाळीने तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवाव्यात, अंडी मरतात. आणि हो, कीड लागली म्हणजे माल सेंद्रिय, हा दुकानदाराचा पुरावा मानू नये. युरियावर वाढलेला गहूही ओला भरला की किडतो.

गुळाच्या बाबतीत तर डोळ्यांनाच नव्याने शिकवावं लागतं. गुऱ्हाळात काहिलीत रस उकळताना वर येणारी मळी काढायला रानभेंडीच्या खोडाचं चिकट पाणी वापरायची जुनी पद्धत आहे. त्याने गूळ स्वच्छ होतो, पण रंग तांबूस-तपकिरीच राहतो. ग्राहकाला पिवळाधमक हवा असतो, म्हणून त्यात हायड्रोस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, पडतं. तो उजळपणा टिकाऊही नसतो. तेव्हा ढेप काळसर दिसली म्हणून नाक मुरडू नये. मात्र इथे एक मेख आहे. पाटीवर ‘केमिकल-फ्री गूळ’ लिहिलेलं असतं, ते गुऱ्हाळापुरतं. ऊस कसा वाढवला, याबद्दल ती पाटी गप्प असते. लाकडी घाण्याच्या तेलाचंही तसंच. घाणा लाकडाचा आहे, शेंगदाणा कुठला? तेलाला एक साधा हिशेब लावता येतो. घाण्यावर लिटरभर तेलाला सव्वादोन ते अडीच किलो दाणे लागतात. तेलाचा भाव तेवढ्या दाण्यांच्या भावाहून कमी असेल तर त्यात काय मिसळलंय, ते विकणाऱ्यालाच विचारावं.

मग खात्री कशाची? भारतात सरकारमान्य वाटा दोन. पहिली २००१ पासूनची राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची, जिच्यात त्रयस्थ संस्था येऊन शेत तपासते आणि प्रमाणपत्र देते. दुसरी पीजीएस-इंडिया, जिच्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. दोन्हींच्या पॅकबंद मालासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांनी ‘जैविक भारत’ हे चिन्ह आणलं. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला या प्रमाणपत्रातून सूट आहे, म्हणजे चिन्ह नाही म्हणून तो लबाड ठरत नाही. प्रमाणपत्र दाखवलं तर नुसतं पहिलं पान बघून मान डोलवू नका; मुदत आणि सोबतची पिकांची यादी बघा. यादीत दोन एकर तूर आणि ट्रकभर हापूस विकायला, असं असेल तर विचारायला हवं.

आणि चिन्ह नसेल तर एकच प्रश्न पुरतो: ‘अळी आली की काय करता?’ ‘आमच्याकडे अळी येतच नाही’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघावं. जो खरोखर करतो तो या प्रश्नावर अर्धा तास बोलतो. शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळी कशी भिजत घालतो, दशपर्णी अर्काला वास किती येतो, कामगंध सापळ्यात रोज किती पतंग मोजतो, कडेने झेंडू का लावलाय, आणि एवढं करूनही गेल्या साली हरभरा कसा हातचा गेला. हे शेवटचं सांगणारा माणूस शक्यतो सोडू नका. गटाने खरेदी करत असाल तर प्रयोगशाळेतली अवशेषांची तपासणीही करता येते. तिला काही हजार रुपये पडतात, पण वीस घरांत वाटले तर जड जात नाही.

कोठी बदलली की भाजीकडे वळावं आणि तिथे सेंद्रियच्या आधी हंगामी व्हावं. फ्लॉवर-कोबी थंडीतले, त्यांना भर उन्हाळ्यात उभं करायचं तर औषधं वाढणारच. वांग्याला शेंडे आणि फळ पोखरणारी अळी, ढोबळी मिरचीला फुलकिडे, भेंडीला तुडतुडे; या भाज्या नेमाने फवाऱ्याखालच्या. पैसे मोजायचेच तर यांच्यासाठी आणि सालासकट खातो त्या द्राक्षांसारख्या फळांसाठी मोजावेत. लाल भोपळा, सुरण, अळू, नारळ यांच्यासाठी धावपळ नको. श्रावणात टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली यायला लागली की तो महिना निम्मा फुकटच सुटतो, फक्त हमरस्त्याकडेची आणि तणनाशक मारलेल्या बांधावरची रानभाजी घेऊ नये. मिठाच्या पाण्यात भाजी धुतल्याने वरवरचं औषध बरंचसं जातं. पण इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसातच भिनलेलं असतं, ते धुऊन निघत नाही. सेंद्रिय भाजीही धुवावीच लागते, तिच्या मुळाशी शेणखत असतं.

एका गोष्टीवर मात्र छदाम खर्च करू नये, ती म्हणजे ऑरगॅनिक बिस्किटं, कुकीज आणि वेफर्स. मैदा सेंद्रिय असला तरी मैदाच, साखर सेंद्रिय असली तरी साखरच. आईबाप पोरांसाठी सगळ्यात आधी नेमकं हेच आणतात.

घाई का नको, याचा धडा दोन प्रदेशांनी दिला आहे. सिक्कीमने २००३ मध्ये ठरवलं, २०१० मध्ये मिशन सुरू केलं आणि २०१६ मध्ये ते संपूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर झालं. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात थांबवली. भाताचं उत्पन्न कोसळलं आणि काही महिन्यांत निर्णय मागे घ्यावा लागला. एकट्या शेतालाही हंगामी पिकांसाठी दोन आणि फळबागेसाठी तीन वर्षं संक्रमणाची द्यावी लागतात. या काळात उत्पन्न घटतं आणि माल सेंद्रिय म्हणून विकताही येत नाही. बरेच शेतकरी इथेच गळतात. पीजीएसमध्ये अशा मालाला ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ हे वेगळं चिन्ह मिळतं. तुमच्या घराला दोन-तीन वर्षांत बदलायचं आहे आणि शेतकऱ्याच्या शेतालाही. तेव्हा पूर्ण प्रमाणित मालाच्या मागे न लागता संक्रमणातल्या एखाद्या शेतकऱ्याचं गिऱ्हाईक व्हावं. भाव मध्यम पडतो आणि ज्या वर्षी त्याला सर्वांत गरज असते त्या वर्षी त्याच्या हातात पैसे जातात.

दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा भातकापणी चालू असेल किंवा तोंडावर आली असेल. झोडणी झाली की शेतकरी भात आठवडाभरही घरात ठेवत नाही, देणी भागवायला व्यापाऱ्याला घालून मोकळा होतो. तुमच्या वर्षाच्या तांदळाचं त्याआधीच सांगून ठेवा आणि थोडी उचलही द्या.