ताडकळसच्या ओव्या: जुनी ध्वनिमुद्रणे, नवे श्रोते

परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यात ताडकळस हे गाव आहे. तिथल्या गंगूबाई आंबोरे यांनी गायलेल्या सीतेच्या वनवासाच्या ओव्या 1990च्या दशकात ध्वनिमुद्रित झाल्या. सुमारे दोन दशकांनी त्या इंटरनेटवर पुन्हा प्रसिद्ध झाल्या, तेव्हा जात्याशी कधी संबंधच न आलेल्या श्रोत्यांपर्यंतही पोचल्या.

हे ध्वनिमुद्रण एका मोठ्या संग्रहातले. पुण्यात राहून काम करणारे फ्रेंच अभ्यासक गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी 1980च्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून ओव्या लिहून घेतल्या. हजाराहून अधिक गावांतल्या तीन हजारांवर बायकांनी सांगितलेल्या या ओव्यांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली. विषयवार वर्गीकरणही झाले: माहेर, भाऊ, लेक, पंढरी, सीता, बाबासाहेब. नंतर बर्नार बेल हे संगणकतज्ज्ञ आणि संगीत-अभ्यासक या कामात आले आणि सुमारे 120 तासांचे ध्वनिमुद्रण जमा झाले. पॉइत्व्हँ 2004 मध्ये गेले, तर राईरकर 2010 मध्ये गेल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने 2017 पासून हा ठेवा ध्वनी, मराठी पाठ, भाषांतर आणि छायाचित्रांसह प्रसिद्ध करायला सुरुवात केली.

ही ध्वनिमुद्रणे ऐकताना पाश्चात्य प्रयोगशील संगीत आठवते. तिथे जुन्या फिती, लोकगीते आणि विस्मृतीत गेलेले आवाज एकमेकांवर रचून मुद्दाम भुताटकीचा भास निर्माण करतात. 2004 मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या ‘घोस्ट बॉक्स’ या संगीतसंस्थेची ओळखच त्यावर उभी आहे. ओव्यांच्या ध्वनिमुद्रणात अशी कारागिरी नाही, पण कानावर होणारा परिणाम बराच जवळचा आहे, आणि त्याची कारणे गाण्याच्या घडणीतच सापडतात.

जात्यावरची ओवी तशी दोन ओळींची. गाताना मात्र ओळीचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, मध्येच ‘बाई’ किंवा ‘सांगते’ असा शब्द भरला जातो, एकीने उचललेली ओळ दुसरी झेलते. चालीला बायका ‘गळा’ म्हणतात. एकाच गळ्यावर कितीही ओव्या बसतात, त्यामुळे गाण्याला ठरलेली सुरुवात नसते आणि शेवटही नसतो. दळण संपले की गाणे थांबते. जाते फिरत असेल तर त्याची घरघर खालून अखंड चालू राहते आणि तंबोऱ्याचे काम करते. स्टुडिओ नसल्याने घरातले, अंगणातले आवाजही फितीवर येतात.

दुसरे कारण काळाचे. विजेवरची पिठाची गिरणी गावात आली तसे पहाटेचे दळण संपत गेले. ध्वनिमुद्रणाच्या वेळीच अनेक बायकांसाठी ओवी हे रोजचे काम राहिले नव्हते, ती आठवणीतून काढावी लागत होती. म्हणजे आज ऐकू येतो तो हुरहुरीचा सूर केवळ फीत जुनी झाल्यामुळे आलेला नाही. सीतेच्या ओव्यांत तो आणखी गडद होतो, कारण रामाने टाकलेली सीता गाताना बाई स्वतःच्या संसाराबद्दल उघड न बोलता येणारे बोलू शकते. देवादिकांच्या आडून सांगण्याची ही सोय जात्यापाशीच होती. तिथे पुरुष सहसा नसत.

परभणीला ही परंपरा नवी नाही. गोदाकाठचे गंगाखेड संत जनाबाईंचे गाव, आणि जनाबाईंसोबत दळायला बसलेला विठ्ठल मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी त्याच गळ्यांवर आंबेडकरांच्या ओव्या रचल्या. त्या ऐकल्या की हा ठेवा केवळ जुन्या दिवसांच्या ओढीचा आहे, हा समज टिकत नाही.

पुनःप्रसिद्धीमुळे ओव्यांची मांडणी बदलली. दळता दळता जात्यावर माहेरावरून पंढरीवर, पंढरीवरून लेकीवर सहज जाणारे गाणे आता विषयवार भागांत ऐकायला मिळते. शोधणाऱ्याला ते सोयीचे आहे, पण एका बाईच्या मनाचा ओघ त्यात तुटतो. शिवाय ध्वनिमुद्रण झाले ते थोड्याच ओव्यांचे. संग्रहातल्या बहुसंख्य ओव्या फक्त कागदावर आहेत, आणि त्या कोणत्या गळ्यावर गायल्या जात हे नुसत्या शब्दांवरून सांगता येत नाही.