कोटणीसांची चिनी पत्नी

व्ही. शांताराम यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. तरीही १९४६ सालचा त्यांचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ माझी निराशा करतो. परवा कुंभार पिंपळगावी नातवाच्या मोबाइलवर तो पुन्हा पाहिला. तरुणपणी जे खटकले होते, तेच आजही खटकले.

सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनला गेले, तेव्हा ते अवघे २७ वर्षांचे होते. पडद्यावर ते झाले स्वतः शांताराम, वय ४४. हेही एक वेळ चालवून घेऊ. पण चिनी नायिका म्हणून जयश्रीबाई? त्या गुणी गायिका-अभिनेत्री, दिग्दर्शकांच्या पत्नी. चिनी पेहरावात हिंदी बोलतात, गातात आणि जयश्रीबाईच राहतात. मी उभी हयात बँकेत खातेदारांच्या सह्या नमुना सहीशी ताडून पाहिल्या. ही सही काही जुळत नाही!

त्या काळी मुंबईत चिनी नटी कुठून आणायची, असे कोणी म्हणेल. मान्य. माझी तक्रार चेहऱ्यापुरती नाहीच. गुओ चिंगलान परिचारिकांना शिकवीत असे. कॅनडाचे डॉ. बेथ्यून यांच्या समाधीच्या समारंभात तिची आणि कोटणीसांची पहिली भेट झाली. हा परदेशी डॉक्टर चिनी बोलतो, थोडेफार लिहितोही, याचे तिला अप्रूप वाटले. म्हणजे सोलापूरच्या माणसाने तिची भाषा आपलीशी केली होती. चित्रपटात नेमके उलटे झाले आहे. तीच आपल्या भाषेत बोलते. मग या प्रेमात परके असे काय उरले? आणि त्याने ओलांडले तरी काय? ख्वाजा अहमद अब्बास आणि व्ही. पी. साठे यांच्यासारखे लेखक हाताशी असताना एवढी मोठी गोष्ट निसटावी, याची चुटपुट लागते.

शिवाय साथीच्या रोगावर इलाज शोधण्याचा पराक्रम कथेत जोडला आहे. खरे कोटणीस डिसेंबर १९४२ मध्ये अपस्माराने गेले, वयाच्या ३२ व्या वर्षी. जखमी सैनिकांवर रात्रंदिवस शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाला आणखी कसला पराक्रम हवा होता?

बाप गेला तेव्हा मूल जेमतेम साडेतीन महिन्यांचे होते. त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. १९६७ मध्ये तोही गेला. चिंगलान मात्र २०१२ पर्यंत होत्या, आणि मधल्या काळात भारतातही येऊन गेल्या.