फॅरडे ज्या थैलीवर बसला

मायकेल फॅरडेला या कामावर जायचंच नव्हतं. १८४४ च्या ऑक्टोबरात तो त्रेपन्न वर्षांचा होता. वीज आणि चुंबक यांचं नातं उलगडून दाखवल्यामुळे युरोपभर नाव झालेलं. पण गेली काही वर्षं चक्कर, डोकेदुखी आणि विस्मरण यांनी त्याला पुरतं जेरीस आणलं होतं. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या आपल्या प्रयोगशाळेत रमणारा हा माणूस. कुठल्या तरी खाणगावात जाऊन साक्षीपुरावे ऐकत बसायची हौस त्याला कुठून असणार? पण बोलावणं पंतप्रधान रॉबर्ट पीलच्या सरकारचं होतं. आढेवेढे घेऊन झाले, आणि मग तो निघाला. सोबत चार्ल्स लायेल, त्या काळचा सगळ्यात नावाजलेला भूगर्भशास्त्रज्ञ. या स्वारीच्या आतल्या गोष्टी आपल्याला कळतात त्या मुख्यतः या लायेलमुळे. फॅरडेच्या मृत्यूनंतर त्याने त्या आठवून सांगितल्या, आणि फॅरडेच्या चरित्रात त्या छापल्या गेल्या.

जायचं होतं ते इंग्लंडच्या ईशान्येला, डरहॅम परगण्यातल्या हॅस्वेल खाणीवर. २८ सप्टेंबरच्या शनिवारी तिथे स्फोट झाला आणि ९५ पुरुष व पोरं गेली. पोरं म्हणजे खरोखरच पोरं. दोनच वर्षांपूर्वीच्या कायद्याने बायकांना आणि दहा वर्षांखालच्या मुलांना खाणीत उतरवायला बंदी केली होती. दहा वर्षं पुरी झाली की रस्ता मोकळा.

त्या मुलखात स्फोट ही नवलाई नव्हती. ठरलेला रिवाज असा, की स्थानिक कोरोनर, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, यायचा, आसपासची माणसं ज्युरी म्हणून बसायची, ‘अपघाती मृत्यू’ असा निवाडा व्हायचा आणि प्रेतं पुरली जायची. लंडनला त्याची फारशी दखल घ्यावी लागत नसे. या वेळी ती घ्यावी लागली, कारण मध्ये रॉबर्ट्स उभा होता. विल्यम प्राउटिंग रॉबर्ट्स हा खाणकामगारांचा वकील. त्या वर्षीच्या वसंतात डरहॅम आणि नॉर्थंबरलंडच्या कामगारांनी मोठा संप केला होता. मालकांनी कुटुंबंच्या कुटुंबं घराबाहेर काढली. लॉर्ड लंडनडेरी नावाच्या बड्या खाणमालकाने तर आपल्या गावातल्या दुकानदारांना, संपकऱ्यांना उधारीवर माल द्याल तर याद राखा, असा दम भरला. संप मोडला, माणसं खाली मान घालून पुन्हा खाणीत उतरली, आणि थोड्याच दिवसांत हॅस्वेल घडलं. रॉबर्ट्सने पीलकडे मागणी नेली की कोरोनरच्या चौकशीला सरकारने स्वतःचे जाणकार पाठवावेत. वातावरण असं तापलेलं असताना पीलला नाही म्हणणं जड गेलं असावं, असा माझा कयास.

माणूस निवडला तोही कसा! १८१५ साली हंफ्री डेव्हीने खाणीसाठी सुरक्षा दिवा केला, तेव्हा डेव्हीच्या हाताखाली काम करणारा तरुण साहाय्यक होता फॅरडे. आपल्या या संशोधनात फॅरडेची मोलाची मदत झाल्याचं डेव्हीने स्वतः लिहून ठेवलं आहे. तारेच्या बारीक जाळीत ज्योत कोंडली की आत शिरलेला खाणीतला मिथेन वायू पेटला तरी जाळी उष्णता शोषून घेते आणि ज्योत बाहेरच्या वायूपर्यंत पोचत नाही, असं त्या दिव्याचं साधं गणित. त्या दिव्याने खाणकामगारांचे जीव वाचणार, अशी केवढी वाहवा झाली होती! प्रत्यक्षात झालं असं की पूर्वी वायूच्या भीतीने ज्या जागा सोडून दिल्या जात, तिथेही मालकांनी दिव्याच्या भरवशावर माणसं घातली. त्यातून जाळीला एखादं भोक पडलं किंवा वाऱ्याचा झोत जोराचा असला की दिव्याची हमी संपली. हॅस्वेलमध्येही डेव्हीचेच दिवे होते. म्हणजे एकोणतीस वर्षांनी फॅरडे निघाला होता तो एका अर्थी आपल्याच प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या मालाचं काय झालं ते बघायला. प्रवासात त्याच्या मनात हे आलं की नाही, लायेल काही सांगत नाही.

चौकशी सुरू झाली आणि लायेल चाट पडला. कुरकुरत आलेला फॅरडे कोरोनरशेजारी बसला आणि साक्षीदारांची अशी उलटतपासणी घेऊ लागला की जन्म कोर्टात गेला असावा. गडबड नाही, आवाज चढवणं नाही. एकेक प्रश्न नेमका. समोर येणारे कामगार खाणीतला वारा कुठून कसा वळतो, कुठे धोका असतो, हे चोख सांगत. पण जबानीखाली सही करायची वेळ आली की अडत. त्यांतल्या अर्ध्याहून अधिक जणांना स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. ही गोष्ट दोघांच्या मनाला लागली. इतकी, की पुढे सरकारी अहवालात त्यांनी ती मुद्दाम नोंदवली.

मग दोघं खाणीत उतरले. जिथे सर्वाधिक माणसं मेली होती त्या बोगद्यांतून ते आठ तास फिरले, आणि ते फिरणं निर्धोक नव्हतं, असं लायेल म्हणतो. एके ठिकाणी विसावा घेताना फॅरडेने चौकशी केली की इथे वाऱ्याचा वेग कसा मोजता? खाणीच्या देखरेखीवरच्या माणसाने एक डबी काढली. तपकिरीची घ्यावी तशी चिमूट घेतली आणि दुसऱ्या हातातल्या मेणबत्तीच्या ज्योतीवरून हळूहळू सोडली. ती बंदुकीची दारू होती. भपकन धूर झाला, वाऱ्याबरोबर निघाला, आणि ठरलेल्या अंतरावर पोचायला त्याला किती वेळ लागला ते जोडीदाराने घड्याळावर पाहिलं. रीत ठीक आहे, कामापुरती अचूक आहे, हे फॅरडेने मान्य केलं. पण दारू हाताळायची त्यांची बेफिकिरी त्याच्या नजरेतून सुटली नाही. दारू ठेवता कशात? थैलीत, तोंड घट्ट बांधून. बरं, आणि ती थैली कुठे असते?

थैली त्याच्या बुडाखाली होती. लंडनहून आलेल्या पाहुण्याला खडबडीत दगडावर कसं बसवायचं, म्हणून त्यातल्या त्यात मऊ बैठक बघून दिलेली!

फॅरडे ताडकन उठला आणि तिथल्या तिथे त्याने सगळ्यांची खरडपट्टी काढली. घडोघडी स्फोटाच्या तोंडाशी काम करणाऱ्यांना ज्यांनी सावधगिरीचा धडा द्यायचा, तेच असे वागणार असतील तर काय बोलायचं, असा त्याच्या संतापाचा रोख होता. शेजारी उघडी ज्योत, खाली दारूची थैली, आणि ज्या खाणीत नुकती ९५ माणसं गेली ती खाण. 

फॅरडेच्या चरित्रांत हा किस्सा हमखास येतो, वाचक हसतो आणि हॅस्वेल तिथेच संपतं. मला मात्र त्याच आठ तासांतली दुसरी गोष्ट जास्त मोठी वाटते, आणि तिच्यात हसण्यासारखं काही नाही.

चालता चालता त्यांना दिसलं की बोगद्यातल्या खांबांवर, लाकडी टेकूंवर, भिंतींवर एक काळा थर चिकटला आहे. तो सगळीकडे सारखा नव्हता. स्फोट ज्या दिशेने आला त्या बाजूला तोंड करून होता, आणि उगमाच्या दिशेने जावं तसा ठरावीक अंतरापर्यंत वाढत जाई: कुठे अर्धा इंच, कुठे जवळजवळ इंचभर. बोटाने दाबला तर भुगा व्हायचा. भिंग लावलं तर कण वितळून गोल झालेले. त्याची रासायनिक तपासणी करून खाणीतल्याच कोळशाच्या पुडीशी तुलना केली, तर कोळशातला जळणारा वायुरूप भाग बहुतेक उडून गेलेला, काही नमुन्यांत तर अजिबात नाही. म्हणजे ही साधी धूळ नव्हती, तो कोक होता. जमिनीवरची, छतावरची, भिंतींवरची कोळशाची धूळ स्फोटाच्या वाऱ्याने उडाली आणि ज्वाळेत स्वतःच इंधन झाली. वायूने सुरुवात केली असेल. पण आग पुढे पसरवली ती धुळीने. पुरेशा हवेअभावी ती अर्धवट जळाली, आणि जी काही हवा होती तीही तिने खाऊन टाकली. भाजल्याच्या खुणा नसलेली माणसं लांबच्या बोगद्यात मेलेली का सापडतात, याचंही उत्तर त्यात होतं.

हे सगळं ऑक्टोबर संपायच्या आत कागदावर आलं. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम याच्या हाती अहवाल पडला, तेव्हा स्फोटाला महिनाही झाला नव्हता.

आणि निवाडा? अपघाती मृत्यू. दोष कुणाचाच नाही. ज्युरीच्या या निवाड्याशी आपण पूर्ण सहमत आहोत, असं फॅरडे आणि लायेलने लिहून दिलं. थैली कुठे आहे इथपर्यंत जाणारा माणूस मालकांच्या दारापाशी थांबला, हे मला खटकतं. पण त्याची बाजूही आहे. त्याला पाठवलं होतं ते कारण शोधायला, आणि त्याचं सगळं लक्ष पुन्हा असं घडू नये याकडे होतं. कोळसा काढून झाल्यावर आधाराचे खांबही काढतात आणि छत कोसळू देतात. त्या जागेला आपल्याकडच्या खाणींतही गोफ म्हणतात. हलका मिथेन तिथल्या वरच्या पोकळीत साठत राहतो आणि हवेचा दाब उतरला की कडेवरून कामाच्या जागी सांडतो. तेव्हा वायू सांडायची वाट कशाला बघायची? गोफातच सुमारे बारा इंच व्यासाचा नळ घालून तो थेट हवा बाहेर जाण्याच्या विहिरीकडे ओढून घ्यावा, अशी योजना त्यांनी मांडली. खाणमालकांच्या समितीने ती अव्यवहार्य ठरवली. फॅरडेने १८४५ च्या जानेवारीत रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये खाणींतल्या हवेवर व्याख्यान दिलं, लोकांनी ऐकलं. सरकारी खाण-निरीक्षक नेमायचा कायदा व्हायला १८५० उजाडलं.

आणखी एक गोष्ट लायेलला नंतर समजली. मेलेल्यांच्या बायकापोरांसाठी वर्गणी गोळा होतेय असं त्याच्या कानावर आलं. चौकशी केली तर फॅरडे आधीच भरघोस रक्कम देऊन मोकळा झाला होता. मला का नाही सांगितलं, असं विचारल्यावर फॅरडेनेच उलट माफी मागितली: मी दिले म्हणून तुम्हालाही देणं भाग आहे असं वाटू नये, एवढ्यासाठी बोललो नाही.

धुळीचा मुद्दा मात्र दप्तरात गेला तो गेलाच. तीसेक वर्षांनी विल्यम गॅलोवे नावाच्या खाण-निरीक्षकाने तो नव्याने मांडला, प्रयोग केले, रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचले. वरिष्ठांना ते रुचलं नाही आणि त्याला नोकरी सोडावी लागली. खाणीत वायू नसेल तर नुसत्या धुळीचं फारसं भय नाही, या मताला फ्रान्समध्ये तर थोरामोठ्यांचा पाठिंबा होता. १० मार्च १९०६ रोजी उत्तर फ्रान्समधल्या कुरिएरच्या खाणींत धुळीचा स्फोट झाला आणि १,०९९ माणसं मेली. वीस दिवसांनी तेरा जण अंधारातून आपल्या पायांनी चालत बाहेर आले, तेव्हा कुणी जिवंत असेल ही आशा वरच्यांनी कधीच सोडली होती. यानंतर मात्र ‘धुळीने काय होतंय’ असं म्हणायची सोय राहिली नाही.

तोडगा सापडला तोही एका स्फोटाच्या पाहणीतूनच. यॉर्कशायरच्या ऑल्टॉफ्ट्स खाणीत १८८६ साली स्फोट झाला, तेव्हा व्यवस्थापक विल्यम गारफर्थच्या ध्यानात आलं की ज्या वाटेवर दगडाची भुकटी पडली होती, तिथे ज्वाळेचा जोर ओसरला होता. मोठ्या प्रमाणावरचे प्रयोग १९०८ मध्ये झाले. उत्तर एवढंच: कोळशाच्या धुळीत न जळणारी पूड भरपूर मिसळा.

आपल्याकडे बिहारमधल्या (आता झारखंड) ढोरी खाणीत २८ मे १९६५ रोजी २६८ कामगार गेले. ढोरीतही धूळच पेटली होती. हॅस्वेलचा अहवाल तेव्हा १२१ वर्षांचा झाला होता. भारतातल्या कोळसा खाणींच्या नियमांत आज चुनखडीसारखी न जळणारी पूड मारण्याची तरतूद आहे. बोगद्यातल्या धुळीचे नमुने झाडून घेऊन त्यांत न जळणारा भाग किमान तीन चतुर्थांश आहे ना, हे तपासावं लागतं. कोळसा अधिक ज्वालाग्राही असेल तर त्याहून जास्त. छताजवळ पुडीने भरलेल्या फळ्या अशा टेकवून ठेवतात की स्फोटाच्या धक्क्याने त्या उलटाव्यात आणि ज्वाळा पोचायच्या आत पुडीचा लोट उठावा. नागपूर जिल्ह्यातल्या सावनेर, सिल्लेवाडाकडच्या भूमिगत खाणींनाही हेच नियम लागू आहेत. पूड मारायची ती धूळ उडवतच मारावी लागते, त्यामुळे काम करणारा माणूस पाळी संपवून वर येतो तेव्हा कोळशाच्या खाणीतून नखशिखान्त पांढरा होऊन आलेला असतो.