मागितले किती, मिळाले किती?

मंडळी, मागच्या वेळी आपण फाइल डिस्क्रिप्टर म्हणजे काय ते पाहिलं. आज त्यातून वाचायचं-लिहायचं कसं, ते पाहू.

दिंडोशी डेपोच्या रांगेत 50 माणसं आहेत असं समजा. बस आली, 20 चढली. उरलेली 30 पुढच्या बसची वाट बघतात. सी भाषेतल्या 'राइट'चंही तसंच. आपण 4096 बाइट दिले, तरी तो 1000 घेऊन 'हजार घेतले' असं सांगू शकतो. ही चूक नव्हे, प्रामाणिक उत्तर आहे. ते न पाहता आपण पुढे गेलो, तर 3096 बाइट हरवले, आणि कुठे बोंबही होत नाही.

म्हणून आपण छोटं फंक्शन लिहितो. बाइट उरलेत तोवर लूप फिरवायचा. गेले तितका पॉइंटर पुढे सरकवायचा. उत्तर उणे 1 आलं, तर 'एररनो' पाहायचा. तिथे 'ईआयएनटीआर' असेल, तर मध्येच सिग्नल आला एवढंच. पुन्हा प्रयत्न करायचा. दुसरं काही असेल, तर ती एरर जशीच्या तशी वर कळवायची.

'रीड'लाही हेच लागू, फक्त तिथे शून्य म्हणजे मजकूर संपला. मग थांबायचं आणि मिळाले तेवढेच बाइट सांगायचे. आपली इच्छा आणि घडलेली गोष्ट यांत गल्लत करायची नाही, हे तत्त्वज्ञानाच्या वर्गात आपण वर्षानुवर्षं सांगत आलो. इथे ते कंपायलरही सांगत नाही, आपणच लक्षात ठेवायचं.