बंद लॅपटॉपचं नाव काय?

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा आमच्याकडे आला तो तोंड पाडूनच. एरवी दारातूनच "मावशी, खायला काय?" असं ओरडणारा हा नववीतला मुलगा गुपचूप कोपऱ्यात जाऊन बसला. पिशवीत एक जाडजूड काळा लॅपटॉप होता. सेकंडहँड, गेम खेळायचा!

ताई ब्लाउज शिवते. भिशीचे अठरा हजार रुपये तिनं त्याच्या हातावर ठेवले होते, अभ्यासाला कामी येईल म्हणून. विकणारा म्हणाला होता, "दोनच वर्षं वापरलाय, सोळा जीबी रॅम आहे, कुठलाही गेम पळतो." आठ दिवसांत तो सुरू होता होता बंद पडू लागला आणि नवव्या दिवशी पार थंड!

"आईला सांगू नकोस ना मावशी!"

म्हटलं, "ते नंतर बघू. आधी आपल्याकडे आलंय तरी काय, ते ओळखू या."

आकडे बोलू लागले

लॅपटॉप उलटा केला. तळाच्या लेबलवरचं नाव पार पुसलेलं. एक ओळ मात्र वाचता येत होती : २० व्होल्ट, ६.७५ अँपिअर. मग चार्जरवरचं लेबल वाचलं : २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर.

"कर गुणाकार," मी म्हटलं. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. लॅपटॉपला हवे होते १३५ वॅट आणि चार्जर देत होता फक्त ६५! गेमच्या लॅपटॉपमध्ये विजेचे दोन मोठे खादाड असतात : एक प्रोसेसर आणि दुसरी चित्रं रंगवणारी ग्राफिक्स चिप. चार माणसांच्या घरात दोन माणसांचा डबा आला, तर काय होणार? बॅटरीत शिल्लक होती तोवर गाडं चाललं, मग थांबलं.

चार्जर निवडताना व्होल्ट अगदी तेवढेच हवेत. अँपिअर जास्त चालतात, कमी चालत नाहीत. पिनही नीट बसायला हवी.

आत काय दिसलं?

माझा एक जुना विद्यार्थी आता कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याच्याकडे गेलो. त्यानं आधी चार्जर काढला, मागचं झाकण उघडून बॅटरीची वायर सोडवली आणि सुरू करायचं बटण तीस सेकंद दाबून धरलं. आत साठून राहिलेली वीज त्यानं निघून जाते. बॅटरी सपाट होती, हे आमचं नशीब. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जही करायची नाही. ती पेट घेऊ शकते. म्हणून हे काम मोठ्या माणसाशिवाय करू नका हं!

पंख्यात धुळीची गादीच बसलेली. पाती बोटानं धरून ब्रशनं ती काढली. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती पुसून नवी लावली.

योग्य चार्जर जोडला आणि दिवा लागला! पण तारीख भलतीच, कित्येक वर्षं मागची. भाचा घाबरला. विद्यार्थी हसला, "काही नाही रे, घड्याळाचा सेल संपलाय." नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल बदलला आणि तारीख जागेवर आली.

खरी ओळख

सुरू होतानाच एफ-२ ही कळ दाबली. (काही लॅपटॉपना डिलीट लागते.) पडद्यावर बायोसचं पान आलं. मॉडेलचं नाव, अनुक्रमांक, सगळं तिथं होतं. बाहेरचं लेबल पुसता येतं, पण आतली ही नोंद सहसा तशीच राहते.

प्रोसेसर होता इंटेलचा आय सेव्हन ४७१० एचक्यू. पहिला ४ म्हणजे चौथी पिढी, एच म्हणजे जास्त ताकदीच्या ग्राफिक्सचा आणि क्यू म्हणजे चार गाभ्यांचा. हा प्रोसेसर २०१४ सालचा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून ग्राफिक्सचं नाव पाहिलं : जीटीएक्स ८६० एम. तीही २०१४ चीच. आणि रॅम? सोळा नव्हे, आठ जीबी!

दोन वर्षांचा म्हणून घेतलेला लॅपटॉप दहा वर्षांहून जुना निघाला. भाच्याचे डोळे भरून आले.

डिस्कवर आधीच्या मालकाचे घरगुती फोटो होते. भाचा फोल्डर उघडणार, तेवढ्यात मी हात धरला. दुसऱ्याचं पत्र आपण वाचतो का? डिस्क पूर्ण पुसून टाकली. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या मान्य यादीत हा प्रोसेसर नाही. म्हणून लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली बसवली. लॅपटॉप चांगला चालू लागला. नवे भारी गेम त्याला झेपणार नाहीत, पण लिहिणं, गणितं, प्रोग्रॅमिंग आणि जुने गेम मजेत होतात.

संध्याकाळी भाच्यानं स्वतःच ताईला फोन लावला. वय, रॅम, चार्जर, सगळं सांगितलं. ताई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पैसे गेले ते गेले. पण आठ दिवस माझ्यापासून लपवलंस, ते मला जास्त लागलं." दुसऱ्या दिवशी दोघं मिळून त्या विकणाऱ्याकडे गेली. पावती नव्हती. त्यानं हात वर केले.

घेण्याआधी

पालकहो, जुना लॅपटॉप घेताना मुलांसोबत जा. दुकानातच तो सुरू करून बायोसचं पान पाहा, चार्जरचे आकडे जुळवा, अर्धा तास चालवून बघा आणि मॉडेल व अनुक्रमांक लिहिलेली पावती घ्या. पावती द्यायला कां कूं केली, तर सरळ घरी या.

आणि मुलांनो, आज एक काम करा. घरातल्या प्रत्येक चार्जरवरचे आकडे, त्याला हात न लावता, वहीत उतरवा आणि गुणाकार करा. सगळ्यात खादाड यंत्र कोणतं निघतं, बघा बरं!