शिक्षणाचा हंगाम

विदर्भाच्या सीमेला लागून असलेल्या मोहगावच्या परिसरात वर्षाचे दिवस पिकांच्या हिशेबाने मोजले जातात. सौंसर आणि पांढुर्णा हा संत्र्याचा व कपाशीचा मुलूख. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून तोडणीस येतात, त्याच सुमारास कापसाची वेचणी सुरू होते. मृग बहाराची फळे फेब्रुवारीपासून उतरतात. महाविद्यालयांतील तासिका आणि परीक्षाही नेमक्या याच महिन्यांत येतात. घरात काम करणारे हात कमी असले म्हणजे मुलगा बागेत जातो, मुलगी वेचणीला जाते, आणि पुष्कळदा दोघांचेही शिक्षण तेथेच थांबते. दोन वर्षे मन लावून शिकलेल्या अशा विद्यार्थ्याच्या पदरी रूढ पद्धतीत काहीच पडत नसे. पदवी पुरी झाली नाही, एवढाच शेरा त्याच्या वाट्याला येई.

अशा विद्यार्थ्यांसाठी जगात जी व्यवस्था उभी राहिली, तिला समुदाय महाविद्यालय म्हणतात. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली माध्यमिक शाळेलाच महाविद्यालयाचे पहिले दोन वर्ग जोडण्यात आले. घराजवळ राहून, थोड्या खर्चात, नोकरी सांभाळून शिकता यावे, हा त्यामागील विचार होता. दोन वर्षांनंतर कोणी विद्यापीठात पुढे जाई, कोणी हाती आलेल्या कसबावर पोट भरू लागे. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा संस्थांचा पुरस्कार केला आणि हे नाव रूढ झाले.

योगायोग असा, की त्याच १९४७ साली साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले. १९१९ साली स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. वसतिगृहातील मुलांसाठी पत्नी लक्ष्मीबाई यांनी मंगळसूत्रसुद्धा मोडले होते. शुल्क देण्याची ऐपत नसलेल्याने श्रम करावेत आणि शिकावे, ही येथील रीत. पुस्तक आणि कुदळ एकाच दिवसात हाती धरणाऱ्या त्या विद्यार्थ्यांना श्रमाची लाज वाटत नसे. श्रम हाच त्यांच्या विद्यार्थिजीवनाचा कणा होता.

भारतात समुदाय महाविद्यालय या नावाची संस्था पुदुच्चेरी विद्यापीठाने १९९५ साली काढली. पुढे बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाने अशा महाविद्यालयांना साहाय्य देण्याची योजना आखली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तर पदवीच्या वाटेवरच मुक्काम नेमून दिले. एका वर्षाला प्रमाणपत्र, दोन वर्षांना पदविका, तीन वर्षांना पदवी. मिळवलेले श्रेयांक साठवून ठेवणारी पेढी २०२१ साली सुरू झाली, आणि मध्य प्रदेशाने त्याच वर्षीच्या सत्रापासून हे धोरण अमलात आणले.

तथापि बाहेर पडण्याचे दार रुंद झाले, एवढ्याने काम भागत नाही. परत येण्याचे दारही तितकेच रुंद हवे. ज्या प्रमाणपत्राला बाजारात मोल नाही, ते देऊन विद्यार्थ्याला निरोप देणे म्हणजे त्याची सभ्य शब्दांत केलेली बोळवणच होय. म्हणून अभ्यासक्रम गावच्या व्यवसायाशी जुळले पाहिजेत. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून संत्र्याची रोपे तयार करणे, फळांची प्रतवारी, पंपाची दुरुस्ती, दुकानाचा हिशेब, रुग्णसेवा असे विषय मोहगावच्या तरुणाला परके वाटणार नाहीत. तोडणीच्या दिवसांत तासिका संध्याकाळी ठेवता येतील. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मराठीभाषी भाग मध्य प्रदेशातच राहिला. तेव्हा घरी मराठी आणि वर्गात हिंदी, हा उंबरठा ओलांडताना आरंभी मातृभाषेचा हात मिळाला, तर पुष्कळ मुले मागे पडणार नाहीत.

संत्र्याचे झाड एका बहाराला विसावले, म्हणून शेतकरी ते तोडून टाकत नाही. पाणी राखून पुढच्या बहाराची वाट पाहतो. हंगामासाठी वर्ग सोडून गेलेल्या मुलामुलींचे नाव पटावरून न खोडता त्यांची अशीच वाट पाहणे, हे महाविद्यालयाचे कर्तव्य आहे.